कसबी भागीदार

दर उन्हाळ्यात ओळखीपाळखीतली दोन-चार मुले-मुली ऑफर लेटर घेऊन माझ्याकडे येतात. मी आयुष्यभर सॉफ्टवेअर लिहिण्याचा धंदा केला, म्हणून त्यांच्या आईवडिलांना वाटते की मला या कागदांतले कळत असेल. कंपनी नवी असते, तिचे ऑफिस लोअर परळच्या एखाद्या जुन्या गिरणीच्या आवारात असते, पगार बाजारभावापेक्षा कमी असतो आणि कमी पगाराची भरपाई म्हणून 'शेअर' देऊ केलेले असतात. काहींना तर थेट भागीदार व्हायचे असते: मित्राकडे कल्पना आहे, मित्राच्या मामाकडे पैसा आहे, आणि माल बनवण्याचे काम आमच्या मुलाने करायचे आहे. मी त्यांना कराराच्या गोष्टी सांगू लागतो, पण दहा मिनिटांत त्यांचे डोळे जड होतात. म्हणून अलीकडे मी त्यांना दादरमध्ये कंपनी काढणाऱ्या एका माणसाची हकिकत सांगतो. त्याचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. त्याच्या भागीदारांची नावे मात्र कुणालाच ठाऊक नसतात.

धुंडिराज गोविंद फाळके यांच्याकडे आपण चित्रपटमहर्षी म्हणून पाहतो. नावापुढे पुरस्कार आहे, दादरच्या रस्त्याला नाव आहे, आणि परेश मोकाशींच्या २००९ च्या चित्रपटाने त्यांना नव्या पिढीच्या ओळखीचे केले. माझे कुतूहल जरा वेगळ्या ठिकाणी आहे. फाळके हे मुळात तंत्रज्ञ होते. माल कसा बनवायचा हे ज्याला कळते, तो पैसेवाल्यांबरोबर कंपनी काढतो तेव्हा त्याचे काय होते, याचा इतका सविस्तर नमुना मराठी माणसाच्या इतिहासात दुसरा नसेल. आणि हे त्यांच्या आयुष्यात एकदा नव्हे, दोनदा घडले.

जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे त्यांनी छायाचित्रण, शिळाछपाई, ठोकळे बनवणे, जे जे हाताला लागले ते शिकून घेतले. गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा काढला, तो प्लेगच्या काळात मोडला आणि पहिली पत्नी व मूलही त्यात गेले. नंतर पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी. ती १९०६ च्या सुमारास सोडून त्यांनी लोणावळ्यास 'फाळके एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स' काढला. पक्की सरकारी नोकरी सोडून स्वतःचा कारखाना! आजच्या मुलांना ही ओळ फार आवडते.

कारखान्याचे मुख्य गिऱ्हाईक होते राजा रविवर्म्याचा छापखाना. तो शेजारीच, मळवलीला होता. काम वाढले तशी फाळक्यांनी आपली जागा दादरला हलवली. सुरुवातीला भागीदार भांडारकर होते. १९०८ मध्ये त्यांच्या जागी शेठ पुरुषोत्तम मावजी आले आणि पाटी बदलून 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' झाली. मावजी हे साधे सावकार नव्हते. ते मोठे कलासंग्राहक होते, त्यांचा संग्रह पुढे मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमने घेतला. म्हणजे भागीदार रसिक होता, पैशाने भक्कम होता आणि त्याला कामाची किंमत कळत होती. १९०९ मध्ये फाळके रंगीत छपाईची यंत्रे आणायला जर्मनीला जाऊन आले. तिरंगी छपाई उत्तम होऊ लागली, धंदा फुगला, आणि नेमक्या त्याच वेळी दोघांचे पटेनासे झाले.

पाटीकडे पुन्हा एकदा पाहावे. आधी तिच्यावर 'फाळके' हे नाव होते, मग ते गेले. मालक बदलतो तेव्हा पाटी बदलते, यात वावगे काही नाही. पण कसब मात्र त्याच माणसाचे राहिले होते. मतभेद झाले तेव्हा फाळके उठले आणि बाहेर पडले. छापखान्यातून त्यांनी पैशाच्या रूपाने काहीही नेले नाही. चरित्रकारांनी याकडे बाणेदारपणा म्हणून पाहिले आहे, तो होताच. मला मात्र त्यात एक हिशेबही दिसतो. यंत्रे भांडवलदाराची, जागा कारखान्याची आणि गिऱ्हाइके पाटीची. जे घेऊन बाहेर पडता येत होते ते डोक्यात आणि बोटांत होते, आणि ते न्यायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

याच परिसरात उलट बाजूचेही एक उदाहरण घडले होते. रविवर्म्याने १८९४ मध्ये आपला शिळाछापखाना गिरगावात काढला. भागीदार होते गोवर्धनदास खटाव मखनजी. यंत्रे आणि कारागीर जर्मनीहून आणले होते. भागीदारी टिकली नाही, छापखाना मळवलीला गेला, कर्ज वाढत गेले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत रविवर्म्याने तो फ्रिट्झ श्लायशर या आपल्या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. विकताना चित्रे छापण्याचे हक्कही दिले. देशातल्या सर्वांत प्रसिद्ध चित्रकाराच्या चित्रांवरचा धंदा पगारी तंत्रज्ञाच्या हाती गेला. पैसेवाला नेहमी जिंकतो आणि कारागीर नेहमी नागवला जातो, असा कुणी निष्कर्ष काढणार असेल तर त्याने श्लायशर लक्षात ठेवावा. त्याने छपाईच्या हक्कांसकट धंदा विकत घेतला होता.

छापखाना सुटल्यावर फाळके काही काळ रिकामे होते. याच काळात गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पुढची कथा त्यांनी स्वतःच 'नवयुग' मासिकातल्या लेखांत सांगितली आहे. चित्रपटाचा ध्यास लागला, रात्रंदिवस डोळे ताणले, दृष्टी जवळजवळ गेली आणि उपचारांनी परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांच्या ओळखीने ते वॉल्टनला सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ पाहून आले, विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेतला, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म मागवली, आणि दोन महिन्यांत, १ एप्रिलला, मुंबईत परत हजर झाले.

इथे माझ्या धंद्यातला माणूस कान टवकारतो. फाळक्यांनी परत आल्यावर लगेच मोठा चित्रपट घेतला नाही. कुंडीत वाटाण्याचे बी पेरले आणि ते उगवून वेल वाढेपर्यंत ठराविक अंतराने एकेक चित्र घेत गेले. पडद्यावर ते रोप मिनिटभरात वाढताना दिसले. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांना ही फिल्म दाखवली आणि तिच्यावर कर्ज मिळाले. आज नवी कंपनी गुंतवणूकदाराला जो 'डेमो' दाखवते तो हाच. खर्च कुंडीभर मातीचा, पण हे यंत्र आणि हा माणूस मिळून काय करू शकतात ते दाखवायला तेवढे पुरे होते. मी मुलांना सांगतो की पैसे मागण्याआधी वाटाणा उगवून दाखवा. आणि आणखी एक गोष्ट सांगतो. ते पैसे कर्ज होते, मालकीतला वाटा नव्हता. कर्ज फेडले की देणेकरी निघून जातो.

'राजा हरिश्चंद्र' दादरच्या मथुरा भवनात तयार झाला. लांबी ३,७०० फूट, लागलेला काळ ६ महिने २७ दिवस. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांचा खेळ झाला आणि ३ मेपासून गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांसाठी लागला. हे तपशील पाठ्यपुस्तकातले आहेत. त्यामागे घरात काय चालले होते ते कंपनीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. कंपनीतली माणसे फाळक्यांच्या घरीच जेवत. त्यांचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके पाहत. दिवसाचे रांधणे-वाढणे आटोपले की रात्री अंधाऱ्या खोलीत बसून कच्च्या फिल्मला भोके पाडण्याचे काम त्या करत. फिल्म धुण्याची रसायने त्यांना ठाऊक होती. चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून त्या उभ्या राहत. दागिने तर आधीच गेले होते. नव्या भाषेत बोलायचे तर त्या या कंपनीच्या पहिल्या गुंतवणूकदार होत्या आणि पहिल्या तंत्रज्ञही. कोणत्याही भागीदारीपत्रात त्यांच्या नावे आणा-दोन आणे लिहिले गेल्याचे दिसत नाही. स्टार्टअप काढणाऱ्या मुलांना मी विचारतो, घरभाडे कोण भरणार आहे? उत्तर बहुधा 'बायकोची नोकरी आहे' असे येते. मग हिशेबाच्या कागदावर तिचे नाव कुठे आहे, असा माझा पुढचा प्रश्न असतो आणि तो फारसा आवडत नाही.

तारामती झालेले अण्णा साळुंके ग्रँट रोडच्या एका खाणावळीत स्वयंपाकी होते. तिथे महिना १० रुपये मिळत, फाळक्यांनी १५ देऊ केले. चार वर्षांनी आलेल्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केले. म्हणजे चित्रपटाची दोन्ही मुख्य पात्रे एका पगारात. नोकरीला लागणाऱ्या पहिल्या माणसाची जागा ही अशी असते. नाव मिळते, अनुभव मिळतो आणि पगार बरा असतो. साळुंक्यांसाठी तो सौदा वाईट नव्हता, असे माझे मत आहे. पहिल्या नोकराने आपण नोकर आहोत हे ओळखून पगार नीट मागून घेतला, तर त्याचे सहसा नुकसान होत नाही. अर्धा पगार आणि अर्धे स्वप्न घेणारा अडचणीत येतो.

चित्रपटांचा कारखाना नाशिकला गेला. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री' झाले. १९१४ मध्ये फाळके पुन्हा लंडनला गेले, तेव्हा त्यांनी तिथेच राहून चित्रपट काढावेत, पगार घ्यावा आणि नफ्यात वाटाही घ्यावा, अशी मागणी आली. त्यांनी ती नाकारली, कारण हा धंदा हिंदुस्थानात रुजला पाहिजे ही त्यांची धारणा होती. तेवढ्यात महायुद्ध पेटले आणि मुंबईच्या सावकारांनी हात आखडले. कंपनीची मोठी भरभराट झाली ती १९१७ च्या 'लंकादहन'ने. गिरगावच्या वेस्ट एंड थिएटरात त्याच्यासाठी झुंबड उडाली.

गर्दी दिसली की पैसा येतो. १९१८ च्या आरंभी मुंबईच्या कापडधंद्यातली मंडळी पुढे आली: वामन श्रीधर आपटे, लक्ष्मण बळवंत फाटक, मायाशंकर भट्ट, माधवजी जेसिंग, गोकुळदास दामोदर. 'फाळके फिल्म्स'ची 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' झाली. पाटीवरून 'फाळके' हे नाव दुसऱ्यांदा गेले. आपटे व्यवस्थापक भागीदार, फाळके काम करणारे भागीदार, बाकीचे भांडवल घालणारे. आरंभ सुरेख झाला. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन', दोन्हीही त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्णाच्या भूमिकेत असलेले, फार गाजले.

मग खटके उडू लागले. फाळक्यांना चित्र मनासारखे होईपर्यंत वेळ हवा होता, पैसा हवा होता आणि कुणी मधे पडायला नको होते. भागीदारांना ठरलेल्या खर्चात, ठरलेल्या वेळेत चित्रे हवी होती. या प्रसंगाचे वर्णन करताना आपले लेखक भागीदारांना अरसिक बनिये करून टाकतात. मला ते पटत नाही. गिरणी चालवणाऱ्या किंवा कापूस विकणाऱ्या माणसाने सूत कधी हाती येईल असे विचारणे हा गुन्हा नव्हे. शिवाय फाळक्यांनी नाद सोडल्यावरही कंपनी थांबली नाही. तिने इतर दिग्दर्शकांकडून चित्रे काढून घेतली आणि ती पुढे बरीच वर्षे चालली. आपल्यावाचून हे चालणार नाही, असे प्रत्येक कसबी भागीदाराला वाटते. मलाही माझ्या धंद्यात ते अनेकांच्या तोंडून ऐकावे लागले आहे. काही दिवस ते खरे असते, नंतर चांगले-वाईट जसे असेल तसे चालूच राहते.

फाळक्यांना बाहेर पडायचे होते, पण हा छापखाना नव्हता. या खेपेला करार दीर्घ मुदतीचा होता. मुदतीआधी सोडायचे तर नफ्यातल्या वाट्यावर पाणी सोडावे लागणार होते आणि वर भुर्दंडही होता. छापखान्यातून बोटांतली विद्या घेऊन निघता आले होते. इथे विद्याच करारात बांधली गेली होती. ते सहकुटुंब काशीला गेले. चित्रपट सोडून त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. अच्युतराव कोल्हटकरांनी आपल्या 'संदेश' पत्रातून त्यांना परतीची साद घातली. १९२२ च्या सुमारास ते त्याच कंपनीत परत आले, ते निर्मितिप्रमुख आणि तांत्रिक सल्लागार म्हणून, महिन्याच्या पगारावर. जी कंपनी त्यांच्या 'लंकादहन'च्या गर्दीवर उभी राहिली तिच्यातच.

कायद्याचा धागा इथे थोडा सोडवून पाहायला हवा, कारण मुले सर्वांत जास्त गोंधळतात ती याच ठिकाणी. त्या काळी भागीदारीचा वेगळा कायदा नव्हता, तो १९३२ मध्ये आला. भागीदारीचे नियम १८७२ च्या करार कायद्यातच होते. त्या कायद्याचे कलम २७ सांगते की एखाद्याला धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल आहे. पण त्यात तेव्हा एक अपवाद होता. भागीदारी चालू आहे तोवर भागीदाराने दुसरा धंदा करू नये, असे भागीदार आपसात ठरवू शकत. १९३२ नंतर ही तरतूद भागीदारी कायद्यात गेली, आशय तोच राहिला. म्हणजे 'भागीदार' या मानाच्या शब्दाबरोबर एक दोरीही येते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाला 'दोन वर्षे याच क्षेत्रात काम करू नकोस' असे बजावणारे कलम ऑफर लेटरमध्ये सर्रास असते. ते आपल्याकडच्या न्यायालयात सहसा टिकत नाही. मुदत चालू असतानाची गोष्ट मात्र निराळी. वरळीला गिरणी असलेल्या सेंच्युरी स्पिनिंगच्या कल्याणच्या टायरकॉर्ड कारखान्यातला एक तंत्रज्ञ पाच वर्षांचा करार असताना मधेच सोडून प्रतिस्पर्ध्याकडे गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६७ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला: करारात कबूल केलेल्या मुदतीपुरता दुसरीकडे तसेच काम करण्यास मनाई करता येते. त्यामुळे कागदावर 'पाच वर्षे' असा आकडा दिसला की मी बोट तिथेच ठेवतो. लिहिलेल्या प्रोग्रामचेही असेच आहे. नोकरीच्या कामात लिहिलेली आज्ञावली, वेगळे काही ठरले नसेल तर, मालकाची होते. रविवारी घरी बसून लिहिलेले कुणाचे, हे करारातल्या एका वाक्यावर ठरते, आणि ते वाक्य बहुधा शेवटून दुसऱ्या पानावर असते.

आता शेअरविषयी. ऑफर लेटरमधले शेअर पहिल्या दिवशी हातात येत नाहीत. ते टप्प्याटप्प्याने आपले होतात. आपल्या कायद्याप्रमाणे देऊ करणे आणि हक्क पक्का होणे यांत किमान १ वर्ष जावे लागते, साधारण रिवाज ४ वर्षांचा आहे. अकराव्या महिन्यात सोडले तर काहीच नाही. हक्क पक्का झाल्यावर ते ठरल्या किमतीला विकत घ्यावे लागतात, आणि घेतले त्या दिवशीची किंमत जास्त असेल तर त्या फरकावर पगारासारखा कर बसतो, विकून एक रुपया हाती आलेला नसला तरी. काही मान्यताप्राप्त स्टार्टअपमधल्या नोकरांना हा कर पुढे ढकलता येतो, सगळ्यांना नाही. नोकरी सोडल्यावर ते विकत घ्यायला किती दिवस मिळतात, हे मी विचारायला लावतो. पुष्कळदा मुदत तीनच महिन्यांची असते.

कंपनी बुडाली तर? लालबाग-परळच्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि कामगारांची देणी वर्षानुवर्षे थकली. बंद कंपनीच्या मालमत्तेवर पहिला हात कुणाचा, या वादाचा काही भाग पुढे कायद्यात उतरला. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने रांग लावून दिली आहे: प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि त्यांच्याच बरोबरीने तारणावर कर्ज देणारे, मग इतर नोकरांचा १२ महिन्यांचा थकलेला पगार, मग बाकीचे देणेकरी आणि सरकार, त्यानंतर अग्रहक्काचे भागधारक, आणि अगदी शेवटी साधे भागधारक. गुंतवणूकदार आपला पैसा बहुधा अग्रहक्काच्या भागांत घालतात. ऑफर लेटरमधले शेअर साधे असतात. म्हणजे ज्या गिरणीच्या आवारात बसून आपण काम करतो तिथल्या रांगेत थकलेला पगार मधे उभा असतो आणि शेअर दारापाशी. कंपनी बुडता विकली गेली तरी हाच क्रम थोड्याफार फरकाने करारात लिहिलेला असतो. एका मुलीने मला विचारले, 'काका, मग शेअर घ्यायचेच नाहीत का?' घ्यावेत की. फक्त घराच्या हप्त्याचा हिशेब पगारावर करावा.

परळमध्येच एक जरा बरी हकिकतही आहे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली तेव्हा पाच भागीदारांपैकी दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे चौघे महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेले कसबी लोक होते. पैशाची बाजू सीतारामपंत कुलकर्णी या सराफाने सांभाळली. पाचांत चार कसबी असल्यावर 'माल कधी' हा प्रश्न बाहेरून येत नाही, आपसातच विचारला जातो. प्रभातमध्येही फूट पडली. पण १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले, तेव्हा त्याच वर्षी त्यांनी परळला, पूर्वी वाडिया मूव्हीटोन होते त्या जागेत, राजकमल कलामंदिर सुरू केले. या खेपेला मालक तेच होते आणि पाटी त्यांनी बदलू दिली नाही.

फाळक्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली, तिच्यावर कोणत्याही कराराचा इलाज नव्हता. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक थिएटरात 'आलमआरा' लागला आणि पडदा बोलू लागला. फाळक्यांचा 'सेतुबंधन' १९३२ मध्ये पुरा झाला तो मूक. त्याला नंतर आवाज जोडावा लागला. बोटांत राहिलेली, कुणीही काढून न घेतलेली विद्या दोन-तीन वर्षांत जुनी झाली. माझ्या धंद्यात असे मी चार वेळा पाहिले, प्रत्येक वेळी भाषा निराळी होती. १९३७ मध्ये फाळक्यांनी आपला एकुलता एक बोलपट 'गंगावतरण' केला. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. स्टुडिओ कोल्हापूर सिनेटोनचा होता.